वन्नीच्या जंगलातल्या खिरण्या (शांतिसेना, 1988)

शिपाईगडी

नमस्कार मंडळी. मी सांगतोय आणि मुलगी टाइप करतेय.

गेल्या आठवड्यात तिनं मंडईतून पावशेर खिरण्या आणल्या. धुतल्या, ताटलीत घालून माझ्यापुढं ठेवल्या. मी ताटली भिंतीवर भिरकावली. नातू तिथंच खेळत होता, तो घाबरून रडायला लागला. मुलगी काही बोलली नाही, फरशी पुसून घेतली. रात्री मीच तिला हाक मारली, म्हटलं बस, सांगतो. बायकोलासुद्धा हे कधी सांगितलं नव्हतं. ती दोन वर्षांपूर्वी गेली.

मी सातारा जिल्ह्यातला. 1984 ला भरती झालो, पायदळात. 2001 ला हवालदार म्हणून पेन्शनीत आलो. पलटणीचं नाव लिहीत नाही, कारण पुढं जे लिहिणार आहे ते पलटणीचं नाही, माझं एकट्याचं आहे.

29 जुलै 1987 ला राजीव गांधी आणि श्रीलंकेचे अध्यक्ष जयवर्धने यांनी कोलंबोत करार केला आणि दुसऱ्याच दिवसापासून आपलं सैन्य शांतिसेना म्हणून श्रीलंकेत उतरायला लागलं. तमिळ लोकांनी पहिल्यांदा हार घातले. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात वाघांशी, म्हणजे वेगळ्या तमिळ देशासाठी लढणाऱ्या एलटीटीईशी, लढाई लागली. जाफना शहर पडलं तसे ते दक्षिणेला वन्नीच्या जंगलात शिरले. आम्ही 1988 च्या सुरवातीला पोहोचलो तेव्हा काम एकच होतं, जंगलात शिरून त्यांना शोधायचं.

मला वाटलेलं, जंगल म्हणजे आपल्या कोयनेसारखं असणार. वन्नी तशी नाही. सगळी सपाट जमीन. डोंगर नाही, कडा नाही, की बाबा तो सुळका डावीकडं ठेवून चालू. काटेरी झुडपं, वेली, मध्येच उंच झाडं, आणि पंधरा पावलांपलीकडचं काही दिसत नाही. आमच्या हातात एसएलआर रायफल होती. लांब नळी, ती वेलीत अडकायची, सोडवायला गेलं की आवाज व्हायचा. त्यांच्याकडं एके-47, आखूड, आणि जंगल त्यांच्या पायाखालचं. पाणी म्हणजे कुळम, तिकडच्या तळ्यांना कुळम म्हणतात. पण प्रत्येक कुळमाकडं जाणारी वाट ही मरणाची वाट धरायची, कारण तहान लागली की आपण तिथं जाणार हे त्यांनाही ठाऊक.

गोळीची भीती नंतर राहत नाही. भीती पायाखालची. त्यांचा एक छोटा सुरुंग होता, जॉनी म्हणायचे. लाकडी पेटीत बांधलेला, धातू इतका थोडा की शोधयंत्राला पत्ता लागायचा नाही. वर पाय पडला की पाय गेला. म्हणून आमचा नियम होता: पुढच्याच्या ठशात ठसा. त्यानं जिथं बूट ठेवला तिथंच तुझा बूट. उजवीकडं नाही, डावीकडं नाही. लघवीलासुद्धा ठसा सोडून जायचं नाही.

माझ्या मागं चालणारा पाटणचा होता. आम्ही त्याला पाटणच म्हणायचो. वर्षभरापूर्वी लग्न झालेलं. संध्याकाळी पत्र लिहायला बसला की पहिल्या ओळीलाच अडकायचा, मग मला विचारायचा, "काय लिवू?"

जूनचा पहिला पंधरवडा. तिकडं त्या झाडाला पालै म्हणतात, ते आपलंच खिरणीचं झाड. पिवळ्या खिरण्यांचा खाली सडा पडलेला. तीन दिवस आम्ही कोरड्या शिध्यावर होतो. मी मान न वळवता हळूच म्हणालो, "पाटण, खिरण्या बघ."

एवढंच बोललो मी.

त्यानं एक पाय ठशाबाहेर टाकला.

हेलिकॉप्टर उतरायला मोकळी जागा लागते. आम्ही झाडं तोडत राहिलो. कमरेचे पट्टे काढून मांडीला आवळले होते. साडेतीन तास तो शुद्धीवर होता. शेवटच्या तासाला मला म्हणाला, "हात सोडू नकोस." मी हात सोडून झाड तोडायला गेलो होतो, कारण झाड पडलं तर तो वाचणार होता. परत आलो तेव्हा तो गेला होता. मूठ उघडून पाहिली तर आत एक खिरणी चिरडलेली.

घरी कळवलं ते खरंच होतं, गस्तीवर असताना सुरुंगाच्या स्फोटात मृत्यू. माझं वाक्य कुठल्याच कागदात नाही.

त्यानंतर पावणेदोन वर्षं मी तिथं होतो. 1990 च्या मार्चमध्ये परत आलो. सुट्टीत एकदा पाटणपर्यंत एसटीनं गेलो, स्टँडवर चहा प्यालो आणि त्याच गाडीनं माघारी आलो. पेन्शनीनंतर पुण्यात कोथरूडला वॉचमनची नोकरी धरली, रात्रपाळीची. लोक म्हणायचे, या वयात रात्रपाळी कशाला. मला रात्री झोप येतच नाही, मग पगार घेऊन जागलेलं बरं. आजही पायवाटेवर चालताना पुढच्या माणसाच्या पावलात पाऊल पडतं. मुलगी लहान होती तेव्हा तिला वाटायचं बाबा खेळतोय, तीही माझ्या मागं तशीच चालायची.

त्याची बायको अजून त्याच गावात आहे असं कळलंय. जावं का? आणि गेलो तर हे सांगावं का? मला सल्ला पाहिजे. मन राखायला म्हणून नको, खरा सल्ला द्या.

---

रानजाई

काका, दोनदा वाचलं. सल्ला द्यायची माझी लायकी नाही. मुलीला सांगा, तिनं हे टाइप केलं हे फार मोठं काम केलं.

---

इतिहासवेडा_कोल्हापूर

काका, सलाम.

ज्यांना हा काळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं लिहितो, कारण शांतिसेनेबद्दल आपल्याकडं शाळेत एक ओळ शिकवत नाहीत. जुलै 1987 ते मार्च 1990, पावणेतीन वर्षं. आपले जवळपास 1,200 जवान तिथं गेले, जखमी तीन हजारांच्या आसपास. महार रेजिमेंटच्या 8 व्या बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना याच मोहिमेत मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. ते मुंबईत जन्मलेले, मुंबईतच शिकलेले. 25 नोव्हेंबर 1987 ला त्यांच्या तुकडीला घेरलं, छातीत गोळी लागलेली असताना त्यांनी समोरच्याची रायफल हिसकावून घेतली. किती मुंबईकरांना हे नाव माहीत आहे?

शेवटचं जहाज 24 मार्च 1990 ला त्रिंकोमालीहून निघालं. मद्रासला उतरलेल्या जवानांच्या स्वागताला तमिळनाडूचे मुख्यमंत्री करुणानिधी गेले नाहीत. का गेले नाहीत याची त्यांची कारणं होती, आणि तमिळ माणसाच्या बाजूनं पाहिलं तर ती समजतातही. पण जहाजातून उतरणाऱ्या बावीस वर्षांच्या पोरानं ते कसं समजून घ्यायचं? श्रीलंका सरकारनं कोलंबोजवळ कोट्टेला आपल्या जवानांचं स्मारक बांधलं, नावं कोरली. ज्या देशात मेले त्या देशानं आधी नावं कोरली, हे मला लागतं.

---

बर्मावाल्यांचा_नातू

माझे आजोबा दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीतून ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर होते. मार्च 1944 ला मणिपूरमध्ये सांगशाकला चौथ्या बटालियनचे मराठे जपान्यांशी पाच-सहा दिवस लढले, त्यात ते होते. त्यांनी लढाईचं कधीच काही सांगितलं नाही. सांगायचे ते हिवतापाचं आणि जळवांचं. त्या आघाडीवरचे इंग्रज सेनापती स्लिम यांनी लिहून ठेवलंय, 1943 मध्ये जखमी होऊन मागं पाठवलेल्या एका माणसामागं आजारी पडून पाठवलेली माणसं 120 होती. आजोबा पावसाळ्यात घरातल्या सगळ्यांच्या पिंढऱ्या तपासायचे. आम्ही हसायचो. आता वाटतं, हसायला नको होतं.

---

सह्याद्रीचा_वाघ

काका, तुमच्याबद्दल आदर आहे, पण असं जाहीर लिहू नये. सैन्याचं मनोधैर्य खचतं. ज्यांनी प्राण दिले ते वीर आहेत, त्यांच्या मरणात खिरण्या कशाला आणायच्या? घरच्यांना तो लढताना गेला असं वाटतंय तर वाटू द्या.

---

शिपाईगडी

दादा, तुम्ही मनापासून लिहिलंत, म्हणून उत्तर देतो. माझं मनोधैर्य मी तिथं रोज पाहिलंय. ते गप्प बसून टिकत नाही. तो वीरच होता, तीन दिवस कोरड्या शिध्यावर जॉनीच्या रानात चालत होता. बावीस वर्षांच्या पोराला पिकल्या खिरणीचा मोह झाला म्हणून त्याचं वीरपण कमी होतं असं मला नाही वाटत. तुम्हाला वाटतं का?

---

तिसरी_घंटी

मी टोरांटोत राहते. माहेर ठाण्याचं, सासर जाफन्याचं. हे लिहू की नको, दोन दिवस विचार करत होते.

माझ्या सासूबाई शांतिसेना म्हणत नाहीत. तिचं इंग्रजी नाव आयपीकेएफ, इंडियन पीस कीपिंग फोर्स, पण त्यांच्या तोंडी त्याचा जुना अर्थ आहे, इंडियन पीपल किलिंग फोर्स. लग्न झालं तेव्हा सहा महिने त्या माझ्याशी नीट बोलल्या नव्हत्या, कारण मी भारतीय. 21 ऑक्टोबर 1987, दिवाळीचा दिवस. जाफन्याच्या इस्पितळात सैन्य शिरलं आणि डॉक्टर, नर्स, रुग्ण मिळून साठाहून जास्त माणसं गेली. सासूबाईंची मावसबहीण तिथं नर्स होती. ती कपाटाखाली पडून राहिली म्हणून वाचली.

काका, मी तुम्हाला दोष देत नाहीये. तुम्ही तिथं नव्हतात हे तुम्ही लिहिलंच आहे. पण वन्नीच्या खिरण्या वाचून मी सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, पालैप्पळम, लहानपणी आम्ही फ्रॉकच्या ओच्यात गोळा करायचो. मग बराच वेळ गप्प बसल्या आणि विचारलं, त्या पोराचं गाव कुठलं?

मी पाटण सांगितलं. त्यांनी दोनदा म्हणून पाहिलं.

---

सह्याद्रीचा_वाघ

@तिसरी_घंटी, इस्पितळातून आपल्या सैन्यावर गोळीबार झाला होता असं सैन्याचं म्हणणं आहे. एकच बाजू मांडू नका.

---

शिपाईगडी

दादा, थांबा. ताई, तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत.

मी इस्पितळात नव्हतो, म्हणून तिथलं मी सांगू शकत नाही. पण जंगलाकडेच्या एका वस्तीत आम्ही झडती घेतली होती ते सांगतो. आदल्या दिवशी आमचे दोन जण गेले होते. एक म्हातारा दारात उभा, हात जोडलेले. मला त्याची भाषा येत नाही, त्याला माझी नाही. मी बंदुकीच्या दस्त्यानं त्याचं मडकं फोडलं. आत काही लपवलंय का बघायला, असं मी स्वतःला सांगितलं. मडक्यात पाणी होतं. चार कोसांवरच्या कुळमातून त्यांनी डोक्यावर आणलेलं पाणी. त्यानं हात जोडलेले तसेच ठेवले.

मी गोळी नाही मारली कुणा निरपराध्याला. पण ते पाणी जमिनीत जिरताना मला दिसतं. ताई, तुमच्या सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. बाकी काय सांगायचं ते मला सुचत नाही.

---

मनोविकार_ओपीडी

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे, सरकारी रुग्णालयात काम करते. काका, तुम्ही लिहिलेल्या गोष्टी, झोप न लागणं, एखादा वास किंवा फळ समोर आलं की अंगावर येणं, पाऊल बघून टाकणं, आपण वाचलो याचा अपराध वाटणं, या सगळ्याला नाव आहे. आघातानंतरचा ताणविकार, पीटीएसडी. पहिल्या महायुद्धात शेल शॉक म्हणायचे, काही शिपायांना भेकड ठरवून शिक्षाही झाल्या. आजार म्हणून पुस्तकात नाव आलं ते 1980 साली, तेही व्हिएतनामहून परतलेल्या अमेरिकन सैनिकांमुळं. म्हणजे तुम्ही वन्नीत होतात तेव्हा हे निदान आठ वर्षांचं होतं, आपल्याकडच्या बराकीपर्यंत कुठून पोहोचणार?

याच्यावर उपचार आहेत आणि साठीनंतरही उपयोग होतो, हे मी स्वतः पाहिलेल्या पेशंटवरून सांगते. नुसत्या झोपेच्या गोळ्या नव्हेत, त्या आठवणीत पुन्हा हळूहळू, कुणाच्या तरी सोबतीनं जायचं असतं. माजी सैनिकांच्या ईसीएचएस दवाखान्यातून मानसोपचारतज्ज्ञाकडं चिठ्ठी मिळते. ज्यांना घराबाहेर पडून बोलायचा धीर नाही त्यांनी सरकारच्या टेलिमानस हेल्पलाइनला 14416 वर फोन करावा, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. हे फक्त काकांसाठी नाही, वाचणाऱ्या मुलामुलींसाठीही लिहितेय. वडिलांचा राग हा राग नसतो पुष्कळदा.

---

नाव_नको

शेवटचं वाक्य वाचून लिहितेय. माझे वडील शांतिसेनेत होते, मद्रास रेजिमेंटच्या लोकांबरोबर सिग्नलमध्ये. दारू प्यायचे आणि रात्री अंगणात वायरलेसवर बोलल्यासारखे बोलायचे. आम्हाला शेजाऱ्यांची लाज वाटायची. 2009 ला गेले. काय बोलायचे ते मी कधी नीट ऐकलं नाही. काका, तुमची मुलगी नशीबवान आहे.

---

कऱ्हाडकाठ

काका, मी माजी सैनिकांच्या आणि वीरपत्नींच्या पेन्शनचे कागद करून देतो, वीस वर्षं झाली. जाण्याआधी एक गोष्ट माहीत असू द्या.

त्या काळच्या नियमात जवानाच्या विधवेनं दुसरं लग्न केलं की पेन्शन बंद व्हायची. अपवाद एकच, नवऱ्याच्या सख्ख्या भावाशी लग्न केलं तर चालू. नियम नंतर बदलला, पण तोवर आपल्या भागात किती पोरींची लग्नं दिरांशी लागली याची मोजदाद नाही. काही संसार चांगले झाले. काही ठिकाणी दीर चार वर्षांनी लहान, ज्याला तिनं भावोजी म्हणून वाढलेलं. पैसा घरात राहावा म्हणून लागलेली लग्नं. मी फॉर्म भरताना नात्याच्या रकान्यात हे लिहितो तेव्हा समोरची बाई खाली बघते.

म्हणून तुम्ही जाल तेव्हा त्या घरात दुसरा माणूस असेल, त्याचाही मान ठेवा. जा मात्र नक्की. माझ्याकडं येणाऱ्या बायका पैशाचं विचारून झालं की हमखास एक विचारतात, साहेब, त्यांच्या पलटणीतलं कुणी भेटंल का?

---

रानजाई

जा काका.

---

बर्मावाल्यांचा_नातू

जा. आणि खिरण्यांचं सांगायचं की नाही ते तिथं बसल्यावर ठरेल. आधीपासून ठरवून जाऊ नका.

---

शिपाईगडी

जाऊन आलो. मुलगी बरोबर होती.

कऱ्हाडकाठ, तुमचं खरं निघालं. दीर, म्हणजे आता घरधनी, स्वतः एसटीच्या थांब्यावर घ्यायला आला. शेतकरी माणूस, फार थोडं बोलणारा. घरात भिंतीवर पाटणचा वर्दीतला फोटो, त्याला ताजा हार. त्याच भिंतीवर या दोघांचा मुलांबरोबरचा फोटो. दोन्ही एकाच उंचीवर लावलेत.

वहिनी आता साठीला टेकल्यात. मी नमस्कार केला आणि बसायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. कसं सांगायचं ते एसटीत शंभरदा ठरवलं होतं, त्यातलं काहीच आठवलं नाही. खिरण्या बघ असं मी म्हणालो, मी म्हणालो नसतो तर त्याचा पाय ठशाबाहेर गेला नसता. आणि शेवटी तो हात सोडू नको म्हणाला होता, मी सोडला.

त्या काही बोलल्या नाहीत. दीरच म्हणाला, "हे आईला सांगाया पाहिजे हुतं. चार वर्सं झाली तिला जाऊन. मरस्तवर म्हणायची, माझ्या पोराच्या जवळ कोण हुतं का न्हाई कुणाला ठावं."

मी काय बोलणार? पाटणच्या स्टँडवर चहा पिऊन माघारी गेलो होतो, तेव्हा ती घरातच होती.

बराच वेळ गेला. मग वहिनींनी विचारलं, "अनारसं मिळालं हुतं का त्यास्नी?"

माझ्या आधी लक्षातच आलं नाही. त्या म्हणाल्या, "त्या साली अधिक जेठ हुता. लग्नानंतरचा पैला अधिक. माज्या आईनं जावयाचं वाण म्हनून अनारसं क्येलं, डब्यात घालून कापडात शिवलं नि टपालानं धाडलं. तीस आन् तीन. आई इचारत ऱ्हायली, पोचलं का. तार आली तवापासनं तिनं इचारायचं सोडलं."

मला तो डबा आठवला. पांढऱ्या मांजरपाटात शिवलेला, वर शाईनं पत्ता. तो गेल्यानंतर आठ-नऊ दिवसांनी आला. मेलेल्यांची टपालं येत राहायची, ती माघारी पाठवायची असतात. पण डब्याला मुंग्या लागल्या होत्या. सेक्शन कमांडर म्हणाला, परत पाठवून त्या माउलीला काय वाटेल, वाटून घ्या. आम्ही नऊ जण होतो.

मी म्हणालो, "वहिनी, डबा आला. तो गेल्यावर आला. आम्ही खाल्ले."

"तुमी खाल्लं?"

"तीन."

"ग्वाड हुतं का?"

"होते. खसखस जरा करपली होती."

त्या पहिल्यांदा माझ्याकडं सरळ बघत म्हणाल्या, "आईचं करपायचंच." मग उठल्या, आत गेल्या, आणि आतून सुनेला सांगितलेलं ऐकू आलं, "पाव्हणं जेवून जात्यात, तांदूळ वाढीव घाल."